पेसमेकरचा रेट क्षणात बदलतो, क्यूटी का बदलत नाही?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे नव्यानं वाचणाऱ्यालाही धागा लागेल. तुमच्या ७१ वर्षांच्या वडिलांना सायनस नोडच्या, म्हणजे हृदयाचे ठोके सुरू करणाऱ्या गाठीच्या, आजारासाठी दोन तारांचा पेसमेकर बसवला आहे. परवाच्या तपासणीत टेक्निशियननं रेट, म्हणजे मिनिटाचे ठोके, ६० वरून ९० केला आणि त्याच मिनिटात ईसीजी काढला. मशीननं त्यावर ‘क्यूटीसी ४८७’ असं छापलं आणि खाली ‘क्यूटी वाढलेला’ असा शेरा दिला. क्यूटी म्हणजे हृदयाचे खालचे कप्पे पेटल्यापासून सावरेपर्यंतचा ईसीजीवरचा वेळ, आणि क्यूटीसी म्हणजे रेटच्या हिशोबानं दुरुस्त केलेला क्यूटी. अर्ध्या तासानं, रेट ९० वरच असताना, दुसरा ईसीजी निघाला. त्यावर आकडा ४४३. तुम्ही विचारता की यातला खरा कोणता? अर्ध्या तासात हृदय सुधारलं, की मशीन चुकलं? आणि पहिल्या आकड्यावरून वडिलांची औषधं बदलावीत का?

दोन्ही ईसीजींचे फोटो मी मोठे करून, घरं मोजून पाहिले. मशीनचं मोजमाप दोन्ही वेळा ठीक आहे. पहिल्या कागदावर क्यू लाटेच्या सुरुवातीपासून टी लाटेच्या शेवटापर्यंत जवळजवळ दहा छोटी घरं भरतात, म्हणजे ३९८ मिलिसेकंद. दुसऱ्यावर नऊ घरं, ३६२ मिलिसेकंद. एक छोटं घर म्हणजे ४० मिलिसेकंद, कागदावर एक मिलिमीटर. तुमच्या घरातली सगळी घबराट या एका मिलिमीटरची आहे. वडिलांच्या हृदयानं काहीही वावगं केलेलं नाही. रेट बदलल्यावर निरोगी हृदय जसं वागतं तसंच ते वागलं. पहिला ईसीजी फक्त फार लवकर काढला गेला.

हे असं का होतं ते नीट सांगतो. ईपी लॅबमध्ये, म्हणजे हृदयाच्या विद्युतलयीची तपासणी आणि उपचार करतात तिथं, गेली वीसेक वर्षं रोज पेसिंग करतो आहे आणि या एका गोष्टीवरून झालेले गैरसमज इतके पाहिले आहेत की उत्तर लांबलं तरी चालेल.

हृदयाच्या खालच्या कप्प्यांतली पेशी विश्रांतीत असते तेव्हा तिच्या आतला विद्युतदाब उणे ८५-९० मिलिव्होल्टच्या आसपास असतो. विद्युतलहर आली की तो क्षणात शून्याच्या वर जातो. मज्जातंतूची पेशी तिथून लगेच खाली येते, एखाद-दोन मिलिसेकंदांत. हृदयाची पेशी तशी येत नाही. ती पाव सेकंद, कधी त्याहून जास्त वेळ वरच्या पठारावर थांबते, तेवढ्यात कॅल्शियम आत घेते, आकुंचन पावते आणि मग सावकाश मूळ पदावर येते. या परत येण्याला आम्ही रिपोलरायझेशन म्हणतो. मी इथं साधं ‘सावरणं’ म्हणेन. जोवर पेशी सावरलेली नाही तोवर ती दुसरा ठोका घेऊ शकत नाही. ईसीजीवरचा क्यूटी म्हणजे खालच्या कप्प्यांतल्या सगळ्या पेशी पेटल्यापासून सगळ्या सावरेपर्यंतचा वेळ.

आता हिशोब बघा. मिनिटाला ६० ठोके असतील तर एका ठोक्याच्या वाट्याला १००० मिलिसेकंद येतात. त्यातले ४०० सावरण्यात गेले तरी ६०० उरतात. कप्पा भरायला तेवढे भरपूर आहेत. डाव्या कप्प्याच्या भिंतीला स्वतःचं रक्तही मुख्यतः याच उसंतीत मिळतं. ठोके १२० झाले की वाट्याला ५०० येतात. सावरण्याचा वेळ ४०० च राहिला तर भरायला उरणार १००. माणूस जिना चढताना कोसळेल. म्हणून रेट वाढला की सावरण्याचा वेळ आखडतो. ही सोय नसती तर आपल्याला धावताच आलं नसतं.

हे आखडणं फार जुन्या निरीक्षणांपैकी आहे. जॉर्ज राल्फ माइन्स या इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञानं १९१३ मध्ये बेडकाच्या हृदयावर काम करताना दाखवलं होतं की ठोक्यांचा वेग वाढवला की लहर स्नायूतून हळू पुढे सरकते, पण प्रत्येक ठिकाणी कमी वेळ टिकते. पुढच्याच वर्षी, वयाच्या तिशीच्या आत, मॉन्ट्रियलमध्ये त्यांचा मृत्यू झाला. हृदयाच्या लयीबद्दल आज आम्ही जे शिकवतो त्याचा मोठा भाग त्या तरुण माणसाच्या वहीतून आलेला आहे, हे मला शिकवताना दर वेळी आठवतं.

पण वडिलांच्या ईसीजीचा प्रश्न ‘आखडतो का’ हा नाही. ‘किती वेळात आखडतो’ हा आहे.

पेसिंगचा रेट ६० वरून ९० केला की पहिल्याच ठोक्याला क्यूटी थोडा कमी होतो, दहा-पंधरा मिलिसेकंद वगैरे. मग काही सेकंदांत आणखी थोडा. त्यानंतर तो सावकाश उतरत राहतो आणि नव्या पातळीवर टेकायला दोन ते तीन मिनिटं घेतो. १९८८ मध्ये मायकेल फ्रान्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या हृदयाच्या आतल्या भिंतीला कॅथेटर टेकवून पेशींच्या सावरण्याचा वेळ थेट नोंदवला आणि हे दोन टप्पे स्पष्ट दाखवले, एक चपळ आणि एक संथ. त्याच वर्षी लाऊ आणि त्यांच्या लंडनच्या गटानं पेसमेकरचा रेट अचानक वरखाली करून क्यूटीचा माग काढला. त्यांनाही हीच दोन-तीन मिनिटं दिसली. शिवाय आणखी एक गोष्ट दिसली: रेट उतरवल्यावर जुळवून घ्यायला हृदयाला रेट चढवल्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

चपळ टप्पा समजायला सोपा आहे. पठारावर पेशीला धरून ठेवणारा प्रवाह कॅल्शियमचा आणि तिला खाली खेचणारे प्रवाह पोटॅशियमचे. कॅल्शियमचे दरवाजे एकदा उघडून मिटले की पुन्हा उघडण्याजोगे व्हायला त्यांना थोडी उसंत लागते. ठोका लवकर आला तर काही दरवाजे अजून तयार नसतात, कॅल्शियम कमी येतं. दुसरीकडे पोटॅशियमचा एक संथ प्रवाह असतो, त्याचे दरवाजे मिटायलाच वेळ घेतात. ठोके जवळजवळ आले की मागच्या ठोक्यातले काही दरवाजे पुरते मिटलेलेच नसतात, त्यामुळे खाली खेचणारा जोर आधीच तयार असतो. धरणारा हात सैल, खेचणारा घट्ट. सावरण्याचा वेळ कमी.

संथ टप्प्यामागे बराचसा सोडियमचा हिशोब आहे. प्रत्येक ठोक्याला थोडं सोडियम पेशीत शिरतं. ते बाहेर काढायला पंप असतो. तो तीन सोडियम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो, म्हणजे दर फेरीला एक धन भार जास्तीचा बाहेर जातो. हा जास्तीचा भारसुद्धा पेशीला खाली खेचतो. आता कोकणातल्या एखाद्या जुन्या होडीची कल्पना करा. तळातून पाणी झिरपतंय आणि एक माणूस डब्यानं उपसतोय. झिरप वाढली म्हणून त्याचे हात त्या क्षणी दुप्पट वेगानं चालू लागत नाहीत. आधी तळाला पाणी चढतं, ते घोट्याला लागतं, मग तो जोर लावतो. पंपाचंही असंच आहे. रेट वाढला की सोडियम जास्त शिरतं, पेशीतली पातळी मिनिटभरात हळूहळू चढते, मग पंप जोरात चालतो आणि क्यूटी आणखी आखडतो. रेट कमी केला की उलट. झिरप थांबली तरी होडीत पाणी साचलेलंच आहे, उपसणारा त्याच जोरानं उपसत राहतो. पाणी उतरेल तसा तो हळू पडतो. म्हणून रेट उतरवल्यावर क्यूटी लगेच लांबत नाही, मिनिटांनी लांबतो.

याचा अर्थ असा की कोणत्याही क्षणी ईसीजीवर दिसणारा क्यूटी त्या क्षणाच्या रेटचा नसतो. तो मागच्या दोन-तीन मिनिटांचा असतो. माझ्या हाताखाली शिकणाऱ्या डॉक्टरांना मी एवढी एक गोष्ट पाठ करायला लावतो. स्ट्रेस टेस्टमध्ये हे डोळ्यांनी दिसतं. पट्ट्यावर चढत्या वाटेवर रेट १०० असतानाचा क्यूटी आणि थांबल्यावर उतरत्या वाटेवर पुन्हा १०० ला आल्यावरचा क्यूटी सारखा नसतो. उतरताना तो लहान असतो, कारण हृदय अजून मागच्या धावण्यातच असतं.

मशीनला मात्र हे ठाऊक नाही. ते क्यूटी घेतं, त्याच कागदावरचं दोन ठोक्यांमधलं अंतर घेतं आणि सूत्रात घालतं. बहुतेक मशीन बॅझेटचं सूत्र वापरतात, १९२० चं. क्यूटी भागिले ठोक्यांमधल्या अंतराचं वर्गमूळ, अंतर सेकंदात. वडिलांचंच करून बघू. रेट ९० म्हणजे अंतर ०.६६७ सेकंद, वर्गमूळ ०.८१६५. पहिल्या कागदाचे ३९८ भागिले ०.८१६५, उत्तर ४८७. दुसऱ्याचे ३६२, उत्तर ४४३. सूत्रानं गृहीत धरलं की हृदय ९० च्या रेटला स्थिरावलेलं आहे. पहिल्या कागदावर ते स्थिरावलेलं नव्हतंच. क्यूटी अजून ६० च्या हिशोबानं चालला होता आणि भागाकार ९० च्या हिशोबानं झाला. एक आकडा मागच्या रेटचा आणि दुसरा आताच्या रेटचा, असा तो गुणाकार-भागाकार होता. पुरुषांत ४५० च्या वर गेलं की आम्ही लक्ष देतो, ५०० च्या वर गेलं की काळजी करतो. त्यामुळे ४८७ दिसल्यावर तुम्ही घाबरलात यात तुमची काही चूक नाही.

बॅझेटच्या सूत्राची आणखी एक खोड आहे, ती पेसमेकरच्या रुग्णांत जास्त नडते. रेट वाढलेला असताना हे सूत्र क्यूटीसी फुगवून दाखवतं. त्याच वर्षी, १९२० मध्येच, डेन्मार्कच्या फ्रिडेरिशियानं घनमूळ वापरणारं सूत्र दिलं. त्यानं वडिलांचा दुसरा ईसीजी मोजला तर ४१४ येतं, अगदी स्वच्छ. पहिला मोजला तरी ४५६ येतं. इतकी वर्षं दोन्ही सूत्रं आपल्यापुढे आहेत आणि मशीनमध्ये अजून वर्गमूळच बसलेलं आहे, याचं मला खरंच वाईट वाटतं. रेट ६० पासून दूर असेल तेव्हा मी फ्रिडेरिशियाच पाहतो. तुमच्या डॉक्टरांनाही तसं विचारायला हरकत नाही.

पेसिंगमध्ये बॅझेट जास्त का चुकतो यालाही कारण आहे. आपण जिना चढतो तेव्हा रेट वाढतो आणि सोबत अ‍ॅड्रिनलिनसारखी द्रव्यंही वाढतात. ही द्रव्यं पोटॅशियमच्या त्या संथ प्रवाहाला थेट बळ देतात आणि क्यूटी स्वतंत्रपणे आखडतात. खुर्चीत निवांत बसलेल्या माणसाचा रेट पेसमेकरनं ९० केला तर ही दुसरी मदत मिळत नाही. म्हणून त्याच रेटला पेसिंगमधला क्यूटी व्यायामातल्या क्यूटीपेक्षा लांब असतो. याच गोष्टीचा एक सुंदर उपयोग लंडनमध्ये अँथनी रिकर्ड्स आणि नॉर्मन यांनी १९८१ मध्ये मांडला. रुग्णाचा पेसमेकर एकाच रेटला बांधलेला असला तरी व्यायामात त्याचा क्यूटी आखडतो, हे त्यांनी पाहिलं. मग पेसमेकरनंच क्यूटी मोजायचा, तो आखडला की ओळखायचं की माणूस श्रम करतोय, आणि रेट वाढवायचा. असे पेसमेकर पुढे खरोखर बसवलेही गेले. आज रेट वाढवायला बहुतेक ठिकाणी शरीराची हालचाल ओळखणारे सेन्सर वापरतात, पण क्यूटीलाच सेन्सर करण्याची ती कल्पना मला अजूनही आमच्या शाखेतल्या सगळ्यात देखण्या कल्पनांपैकी एक वाटते.

आता ज्या भागासाठी एवढं सगळं सांगितलं तिकडे येतो. रेट चढताना होणारा हा उशीर सहसा फक्त कागदावर गोंधळ घालतो. खरा धोका रेट उतरताना असतो, आणि तोही सावरणं आधीच बिघडलेलं असेल तेव्हा.

एक प्रसंग सांगतो, कोणाचीही ओळख पटेल असं काही न सांगता. साठीच्या एक बाई, संपूर्ण हार्ट ब्लॉक, म्हणजे वरच्या कप्प्यांतली लहर खाली पोचतच नाही, नाडी ३६. आठवडाभर उलट्या झाल्यानं पोटॅशियम ३.१ पर्यंत उतरलेलं. त्यात उलटीसाठी आणि खोकल्यासाठी मिळालेली दोन्ही औषधं क्यूटी लांबवणारी. मॉनिटरवर क्यूटी ६४० मिलिसेकंद. रात्री दोनच्या सुमारास एक अवेळी ठोका आला, त्यामागे लांब विराम, त्या विरामानंतरच्या ठोक्याची टी लाट आणखी फुगलेली, आणि तिच्या उतारावर दुसरा अवेळी ठोका. तिथून पुढे ठोके कधी वर कधी खाली तोंड करत, वेणी पिळावी तसे गुंडाळत गेले. या लयीला टोरसाड म्हणतात. फ्रान्सच्या देसेर्तेन यांनी १९६६ मध्ये तिचं वर्णन केलं, आणि त्यांची रुग्णही हार्ट ब्लॉक असलेली वृद्ध स्त्रीच होती. आमच्या बाईंची लय दहा-बारा सेकंदांत आपणहून थांबली. मॅग्नेशियम दोन ग्रॅम शिरेतून दिलं, पोटॅशियम सुरू केलं, मांडीच्या शिरेतून तात्पुरती पेसिंगची तार घातली.

तार जागेवर बसल्यावर माझ्यासोबतचा तरुण डॉक्टर म्हणाला, “सर, थेट १०० वर टाकूया.” त्याचं म्हणणं पुस्तकाप्रमाणे बरोबर होतं. अशा लयीवर वेगानं पेसिंग हाच उपाय, कारण विराम राहत नाहीत आणि क्यूटी आखडतो. पण क्यूटी मिनिटांनी आखडतो. त्या क्षणी तो ६४० आहे. १०० चा रेट म्हणजे दर ६०० मिलिसेकंदांनी एक ठोका. आपला दुसरा-तिसरा ठोका थेट त्या फुगलेल्या टी लाटेवर पडू शकतो, म्हणजे ज्याला अडवायचं तेच आपण घडवून आणू. म्हणून ७० ने सुरुवात केली. ८५७ मिलिसेकंदांचं अंतर, टी लाटेला जागा आहे. दोन-तीन मिनिटं नुसतं बघत उभे राहिलो. टी लाट ठोक्यागणिक किंचित मागे सरकताना दिसत होती. मग ८०. पुन्हा थांबलो. मग ९०. तिथं क्यूटी बऱ्यापैकी आत आला आणि अवेळी ठोके थांबले. तिसऱ्या दिवशी, औषधं बंद होऊन पोटॅशियम साडेचारवर आल्यावर, रेट उतरवतानाही आम्ही दहा-दहाच्या पायऱ्या केल्या आणि प्रत्येक पायरीवर थांबलो. पुढे त्यांना कायमचा पेसमेकर बसला.

हा विराम इतका घातक का? लांब उसंत मिळाली की कॅल्शियमचे दरवाजे पूर्ण ताजे होतात आणि पोटॅशियमचे संथ दरवाजे पूर्ण मिटतात. पुढचा ठोका त्यामुळे लांबतो. निरोगी हृदयात पोटॅशियमचा दुसरा, जलद प्रवाह ही उणीव भरून काढतो. पण क्यूटी लांबवणारी बहुतेक औषधं नेमका हाच जलद प्रवाह अडवतात. शिवाय खालच्या कप्प्यांच्या सगळ्या भागांत लांबणं सारखं होत नाही. काही पेशी सावरलेल्या आणि शेजारच्या अजून पठारावर, अशी फूट पडते. लय बिघडायला एवढी जागा पुरते.

लय आवरणाऱ्या सोटालॉलसारख्या औषधांचं वागणं म्हणूनच उलटं असतं. रेट जलद असतो, जेव्हा औषधाचा उपयोग हवा असतो, तेव्हा त्याचा क्यूटीवर परिणाम कमी, आणि रेट मंद असतो तेव्हा जास्त. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, म्हणजे वरच्या कप्प्यांच्या बेताल लयीत, १३० नं पळणारं हृदय औषधानं एकदम ५५ च्या साध्या लयीत येतं आणि घरातले आनंदानं डिस्चार्ज मागतात. नेमक्या त्याच वेळी मी रुग्णाला मॉनिटरवर ठेवायचा हट्ट धरतो. लोकांना तो वेळकाढूपणा वाटतो. तो वेळ हृदयाला लागतो, मला नाही.

हेच तत्त्व मिनिटांऐवजी आठवड्यांच्या मापातही दिसतं. एट्रियल फिब्रिलेशन आवरत नाही म्हणून एव्ही नोड (वरच्या कप्प्यांतून खाली लहर नेणारी गाठ) जाळून पेसमेकरवर विसंबलेले रुग्ण असतात. महिनोन् महिने जलद पळालेलं हृदय त्या प्रक्रियेनंतर एका क्षणात पेसमेकरच्या रेटवर येतं. सुरुवातीच्या काळात यातले काही रुग्ण पहिल्या काही दिवसांत अचानक दगावले. १९९७ मध्ये गीलेन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की प्रक्रियेनंतर एक ते तीन महिने पेसमेकर ९० च्या रेटवर ठेवला तर हे टळतं. तेव्हापासून आम्ही सुरुवातीला रेट ८०-९० ठेवतो आणि मग टप्प्याटप्प्यानं उतरवतो. रुग्ण विचारतात, “डॉक्टर, इतका जलद कशाला, छातीत धडधड जाणवते.” त्यांना मी हेच सांगतो, की हृदयाला मंद चालायची सवय पुन्हा लागायची आहे.

उशिराचा एक भला उपयोगही आहे. जन्मजात लाँग क्यूटी, म्हणजे क्यूटी मुळातच लांब असण्याचा आजार, असलेल्या काही जणांचा विश्रांतीतला ईसीजी अगदी काठावरचा असतो. तेल अवीवच्या सामी विस्किन यांनी २०१० मध्ये एक साधी तपासणी मांडली. रुग्णाला आडवं झोपवायचं, ईसीजी चालू ठेवायचा आणि पटकन उभं करायचं. उभं राहताच रेट झपाट्यानं वाढतो, क्यूटीला जुळवून घ्यायला वेळ मिळत नाही. निरोगी माणसाचा क्यूटी तरीही थोडा आखडतो. लाँग क्यूटीवाल्याचा आखडत नाही, उलट लांबतो, आणि टी लाटेचा शेवट पुढच्या ठोक्याच्या पी लाटेकडे (वरच्या कप्प्यांच्या लाटेकडे) सरकताना दिसतो. वेगळं यंत्र लागत नाही, जास्तीचे पैसे लागत नाहीत, तालुक्याच्या रुग्णालयातही होते. फक्त ईसीजीची पट्टी सलग चालू ठेवावी लागते. व्यायामानंतर चौथ्या मिनिटाला मोजलेला क्यूटीसी ४८० किंवा त्याहून जास्त असणं हेसुद्धा या आजाराच्या गुणांकनात धरलं जातं. तेही याच कारणानं: श्रमानंतर सावरण्याचं गणित ज्याचं कच्चं आहे, त्याचं बिंग त्या मिनिटांत फुटतं.

फार जलद रेटला, समजा १८०-२०० ला, आणखी एक प्रकार होतो. उसंत इतकी कमी उरते की एक ठोका लांब, पुढचा आखूड, पुन्हा लांब, असं आळीपाळीनं चालू होतं. कारण सोपं आहे. एक ठोका लांबला की त्याच्यामागची उसंत आखडते, उसंत आखडली की पुढचा ठोका आखडतो, आणि मग त्याच्यामागची उसंत वाढते. उसंतीतल्या बदलापेक्षा ठोक्यातला बदल मोठा झाला की हा झोका शमत नाही. नोलास्को आणि डालेन यांनी १९६८ मध्ये हे आलेखावर मांडलं. वडिलांच्या बाबतीत याचा संबंध नाही, म्हणून इथंच सोडतो.

आता वडिलांकडे येतो. तुम्ही लिहिलंय की त्यांना कधी चक्कर येऊन शुद्ध गेलेली नाही, घरात कोणाचा तरुणपणी अचानक मृत्यू नाही, पोटॅशियम ४.३ आहे, आणि रेट ६० असताना क्यूटी ४१० होता. शिवाय ईसीजीत क्यूआरएस, म्हणजे खालचे कप्पे पेटतानाची लाट, अरुंद आहे, म्हणजे पेसमेकर वरच्या कप्प्यातून ठोका देतोय आणि खालचा रस्ता नैसर्गिक आहे. हे सगळं जमेस धरता ४४३ हाच त्यांचा आकडा, आणि फ्रिडेरिशियानं ४१४. पहिल्या कागदावरून एकही गोळी थांबवू नका. पेसमेकर खालच्या कप्प्यातून ठोका देत असता तर क्यूआरएस रुंद झाला असता आणि त्या रुंदीचा भाग क्यूटीतून वजा करून मगच वाचावं लागलं असतं. ते लक्षात असू द्या, कारण पुढे कधी त्यांना खालच्या तारेची गरज पडली तर जुन्या आकड्यांशी थेट तुलना चालणार नाही.

छातीच्या संसर्गासाठी अ‍ॅझिथ्रोमायसिन द्यावं का, हेही तुम्ही विचारलंय. ते क्यूटी लांबवू शकतं हे खरं आहे, पण निर्णय ४४३ धरून आणि पोटॅशियम-मॅग्नेशियम पाहून करायचा, ४८७ धरून नाही. त्यांच्या डॉक्टरांना दोन्ही कागद दाखवा आणि दुसरं एखादं क्यूटी लांबवणारं औषध चालू आहे का ते सांगा. उलटीसाठी किंवा अ‍ॅसिडिटीसाठी घेतलेल्या गोळ्या घरात औषध म्हणून कोणी मोजत नाही. त्याही सांगा.

पुढच्या तपासणीला टेक्निशियनला एवढीच विनंती करा की रेट बदलल्यावर घड्याळ लावून निदान तीन मिनिटं थांबा आणि मग ईसीजी काढा. रेट खाली आणला असेल तर पाच मिनिटं थांबलात तरी जास्त नाही. आणि ईसीजी निघाला की त्याच्या कोपऱ्यात पेनानं दोन गोष्टी लिहून घ्या: आधीचा रेट किती होता, आणि बदलून किती मिनिटं झाली. तुमच्या हातातल्या पहिल्या कागदावर एवढी ओळ असती तर मला घरं मोजावी लागली नसती.